ऑस्ट्रेलियाच्या जंगलात कॅम्पिंगला गेलेली माणसं खरंच गायब होतात का? मुलाला जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मुलगा मेलबर्नला शिकतोय, ईस्टरच्या सुट्टीत चार मित्रांबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहणार म्हणतोय, आणि नेमका तुम्ही वॉनंगाटाच्या 'शापित दरी'चा व्हिडिओ पाहिलात. आता झोप उडाली आहे.

मी तेरा वर्षं मेलबर्नमध्ये आहे. ती दरी एकदा पाहिली आहे. शाप वगैरे काही नाही, पण भीती अगदीच बिनबुडाची आहे असंही म्हणणार नाही. भीती कशाची बाळगायची एवढंच त्या व्हिडिओवाल्याने चुकीचं सांगितलंय.

आधी जागा समजून घ्या. वॉनंगाटा दरी व्हिक्टोरिया राज्याच्या आल्पाइन नॅशनल पार्कात आहे. बोरिवलीचं नॅशनल पार्क १०४ चौरस किलोमीटरचं. हे साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे अशी साठेक बोरिवली एकाला एक जोडायची आणि मध्ये एकही गाव ठेवायचं नाही. लिकोला नावाच्या चिमुकल्या वस्तीनंतर डांबर संपतं. शेवटी झेका स्पर नावाचा उतार लागतो, तो फोर-बाय-फोर गाडीने पहिल्या गिअरमध्ये, हात घट्ट धरून उतरायचा. मी बाजूच्या सीटवर होतो तरी खाली पोचेपर्यंत दात आवळून दुखायला लागले होते. आणि मग एकदम सपाटी उघडते: गुडघाभर गवत, मधून नदी, एका बाजूला जुन्या वसाहतीची छोटी दफनभूमी. इतकी सुंदर जागा की कुणालाही वाटावं, इथेच तंबू टाकू. फोनला रेंज शून्य.

व्हिडिओत १९१८ ची गोष्ट होती का? ती खरी आहे. तेव्हा त्या दरीत गुरांचा मोठा वाडा होता. जिम बार्कले हा व्यवस्थापक आणि जॉन बॅमफर्ड हा नवा आलेला स्वयंपाकी, एवढीच दोन माणसं. डिसेंबर १९१७ मध्ये दोघं घोड्यावरून टॅलबॉटव्हिल नावाच्या वस्तीला सार्वमतात मत द्यायला गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले. महिन्याभराने हॅरी स्मिथ नावाचा शेजारी टपाल घेऊन आला. शेजारी म्हणजे आपल्या भिंतीपलीकडचा नव्हे, बरंच अंतर घोडा हाकून यायचा. घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलं होतं, 'आज रात्री घरी'. स्मिथने वाट पाहिली, टपाल ठेवलं, निघून गेला. फेब्रुवारीत पुन्हा आला तर टपाल तसंच पडलेलं, दारावरचा खडू तसाच, आणि बार्कलेचा कुत्रा भुकेने अर्धमेला. शोधाशोध केल्यावर ओढ्याच्या पात्रात बार्कलेचं प्रेत सापडलं, गोळी लागलेलं.

साहजिकच सगळ्यांनी स्वयंपाक्यावर बोट ठेवलं. मारून पळाला, दुसरं काय! हिवाळा आला, वरच्या पठारावर बर्फ पडलं, वितळलं, आणि नोव्हेंबरमध्ये हॉविट पठारावर बॅमफर्डही सापडला. त्यालाही गोळी लागलेली. दोघांना कुणी मारलं ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. ते तीन शब्द कुणी लिहिले, कुठल्या रात्रीबद्दल लिहिले, तेही नाही.

या गोष्टीत लोकांना खुनी कोण याचंच वेड. मला मात्र तो खडू सुटत नाही. 'आज रात्री घरी' वाचणाऱ्याला वाटलं, येतील. त्या वाटण्यात तीन आठवडे गेले.

आता २०२०. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांची मैत्रीण मार्च महिन्यात त्याच दरीत राहायला आले. दोघांचीही कुटुंबं आहेत, म्हणून नावं लिहीत नाही, बातम्यांत सगळं मिळेल. गृहस्थ जुने, मुरलेले भटके होते, ते नवखे वगैरे मुळीच नव्हते. शिवाय हॅम रेडिओचा, म्हणजे घरगुती वायरलेस संचावरून दूरच्या हौशी मंडळींशी बोलण्याचा छंद. जिथे फोन चालत नाही तिथून रोज संध्याकाळी रेडिओवर मित्रांशी गप्पा व्हायच्या. २० मार्चच्या संध्याकाळी असंच बोलणं झालं. त्यानंतर काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तळ जळालेला होता. तंबूची राख, शेजारी गाडी उभी, तिला थोडीशीच झळ लागलेली. तिथून गेलेल्या इतर लोकांनी तो पाहिलाही. पण तुम्हीच सांगा, रस्त्याकडेला जळका तंबू दिसला तर काय वाटेल? शेगडी लवंडली असेल, मंडळी दुसऱ्या कुणाच्या गाडीतून परत गेली असतील. घरच्यांना ते महिनाअखेरीला परतायचे एवढंच ठाऊक. पोलिसांचा शोध जोरात सुरू व्हायला आठवडा गेला, आणि तेवढ्यात कोरोनाच्या टाळेबंदीने जंगलच बंद केलं.

मग काय, नेटवर हैदोस सुरू झाला. परग्रहवासी झाले, सोन्याच्या खाणी झाल्या, दोघांनी ठरवून पळ काढल्याचंही झालं. डोंगरात एकटा राहणारा एक बिचारा शिकारी तर अर्ध्या देशाने मनातल्या मनात फासावर चढवला. पोलीस त्याच्याशी बोलले, त्याचा काही संबंध निघाला नाही.

उलगडा झाला तो अगदी रटाळ गोष्टींनी. गृहस्थांचा फोन २१ मार्चला सकाळी माउंट हॉथमजवळच्या टॉवरला क्षणभर चिकटला होता. ते ठिकाण त्यांच्या तळापासून डोंगररस्त्याने खूप दूर. म्हणजे फोन कुणाच्या तरी गाडीतून प्रवास करत होता. त्या रस्त्यावर नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे आहेत. त्यातून निळसर निसान पट्रोल गाडीचा माग लागला. तिचा रंग नंतर बदललेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे वीस महिन्यांनी, पोलिसांनी एका विमान कंपनीच्या वैमानिकाला रानातल्याच एका तळावरून उचललं. त्यानंतर थोड्याच दिवसांत डार्गो गावाच्या उत्तरेकडच्या एका ट्रॅकजवळ दोघांचे अवशेष सापडले. जळालेल्या हाडांचे तुकडे होते फक्त.

त्या वैमानिकाचं म्हणणं असं की शिकारीवरून आणि गृहस्थांच्या ड्रोनवरून भांडण झालं, झटापटीत दोन्ही मृत्यू अपघाताने घडले, आणि घाबरून त्याने तळ जाळला, प्रेतं लपवली. २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला गृहस्थांच्या खुनातून निर्दोष सोडलं आणि बाईंच्या खुनासाठी दोषी धरलं. पुढे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. म्हणून त्या रात्री नेमकं काय झालं यावर मी इथे बसून निकाल देणार नाही. असे निकाल देण्याची या देशाने एकदा जबर किंमत मोजली आहे. १९८० साली देशाच्या मध्यभागातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तंबूतून जेमतेम दोन महिन्यांची मुलगी नाहीशी झाली. आई, लिंडी चेंबरलेन, ओरडून सांगत होती की डिंगोने, म्हणजे इथल्या रानकुत्र्याने नेली. बाई टीव्हीवर रडत कशी नाही, यावरून लोकांचं ठरलं. गाडीत 'रक्त' सापडलं म्हणून जन्मठेप झाली. ते रक्त म्हणजे मुख्यतः गाडीचा आवाज दाबायला कारखान्यात मारलेल्या लेपाचे शिंतोडे निघाले. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या बिळांजवळ मिळालं तेव्हा ती सुटली. डिंगोनेच नेलं हे सरकारी कागदावर यायला २०१२ साल उजाडलं.

जाता जाता एक. वरच्या भांडणातली शिकार कसली, माहीत आहे? सांबराची. आपलंच सांबर, ताडोबातलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आपल्याकडून आणि श्रीलंकेतून आणून इथे सोडलं, आणि वाघ नसल्यामुळे ते बेसुमार वाढलं. त्यामुळे या डोंगरात ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत परवाना घेऊन बंदूकवाले फिरत असतात. तुमच्या मुलाला हे माहीत असायला हवं. संध्याकाळी मातकट रंगाचं जॅकेट घालून झुडपात शिरू नये.

पण खून ही अपवादाची गोष्ट. साधं हरवणं किती सोपं आहे ते माझ्यावरून सांगतो. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी लिकोलाच्या पुढे नदीकाठी तंबू टाकला होता. दहा वर्षं सह्याद्रीत भटकलेला मी, राजगड-तोरणा रात्री केलेला, त्यामुळे अंगात मस्ती. दिवेलागणीला सरपण आणायला गेलो. आपल्याकडे वाट चुकली तरी खाली कुठेतरी दिवा असतो, कुत्रं भुंकतं, देवळातला लाउडस्पीकर असतो. इथे चारी दिशांना तीच निलगिरीची झाडं, तीच सोललेली साल लोंबतेय, पायाखाली तोच कचकच आवाज. परत फिरलो आणि एका आडव्या पडलेल्या ओंडक्याशी आलो. त्यावर ताजी मोडलेली फांदी होती. पाच मिनिटांपूर्वी मीच मोडून ठेवलेली. पुन्हा निघालो. पुन्हा तोच ओंडका.

आजी म्हणायची, चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालतो. त्याच्यावर उपाय एकच, आहेस तिथे खाली बस, उजाडलं की वाट आपोआप दिसते. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, तर सूर्य-चंद्र दिसेनासा झाल्यावर ते खरोखर गोल फिरून आपल्याच वाटेला येऊन मिळाले, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय. आजीला उपग्रह माहीत नव्हते, पण इथले बचाव पथकवालेही अगदी तेच सांगतात: हललात की शोधायचं क्षेत्र वाढतं, बसा. मी बसलो. वीसेक मिनिटांनी मित्राने गाडीचा हॉर्न धरून ठेवला. तंबू माझ्यापासून दीडशे पावलांवर होता. मी उलट्या दिशेला तोंड करून बसलो होतो.

मित्र सोबत नसता आणि मी 'रविवारी येतो' असं मोघम सांगून निघालो असतो तर? रविवारी रात्री बायको म्हणाली असती, ट्रॅफिक असेल. सोमवारी, फोनची बॅटरी संपली असेल. एप्रिलात त्या डोंगरात रात्री थंडी चांगलीच पडते, भिजलेला माणूस तेवढ्यात संपतो. मग मंगळवारी हेलिकॉप्टर आलं असतं, दाट झाडीच्या छपरावरून फिरून गेलं असतं, आणि तुमच्या त्या व्हिडिओत माझाही फोटो आला असता, मागे संगीत लावून.

तर मुलाला जाऊ द्या. 'काळजी घे रे' एवढंच म्हणून फोन ठेवू नका मात्र. कुठल्या ट्रॅकने जाणार, कुठल्या तळावर राहणार, गाडीचा नंबर काय, सोबत कोण, हे त्याने मेलबर्नमधल्या एका माणसाकडे लिहून द्यायला लावा. तुमच्याकडे नको, तुम्ही सातासमुद्रापार काय करणार? आणि त्या कागदावर तारीख आणि वेळ हवी: 'सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत माझा फोन आला नाही तर ०००ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन कर.' ट्रॅफिकची शंका घेत बसायचं नाही, हे त्या माणसालाही बजावायला सांगा. ठरलेला बेत बदलून भलत्याच दरीत जायचं नाही.

दुसरं, पीएलबी, म्हणजे 'पर्सनल लोकेटर बीकन' घ्यायला सांगा. साबणाच्या वडीएवढं यंत्र असतं. अडचणीत बटण दाबलं की उपग्रहामार्फत ठिकाण थेट कॅनबेराच्या बचाव केंद्रात पोचतं, त्याला फोनच्या रेंजची गरज नसते. नोंदणी फुकट आहे, ती केलीच पाहिजे, कारण बटण दाबल्यावर ते पहिला फोन नोंदवलेल्या नंबरवर करतात. विकत परवडत नसेल तर भाड्याने मिळतं, चार पोरांनी मिळून घ्यावं.

तंबू निलगिरीच्या मोठ्या फांद्यांखाली नको, वाऱ्याशिवायही त्या तुटून पडतात. त्या फांद्यांना इथे 'विधवा करणाऱ्या' म्हणतात. आणि नदी पाहून लगेच उडी नको, पाणी भयंकर गार असतं.

माझं म्हणाल तर आमच्या फ्रिजवर एक छोटी पाटी आहे. मुलीने तिच्यावर एकदा वरच्या कोपऱ्यात 'बाबा = ' असं लिहून पुढे जागा सोडली, ती आता कायमचीच झाली आहे. मी निघताना तिथे ट्रॅकचं नाव आणि वार-वेळ लिहितो. गेल्या महिन्यात घाईत नुसतं 'उद्या' लिहिलं होतं. बायकोने दारातून परत बोलावलं आणि हातात खडू दिला.