डिसेंबरात चालतं, मे महिन्यात अडतं: ओव्हरक्लॉकिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): घरच्या संगणकात रायझन-५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम आणि प्रोसेसरसोबत आलेलाच पंखा आहे. खोलीत एसी नाही, कूलर आहे. मुलगा म्हणतो, ओव्हरक्लॉक करू, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर, ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक करू, गेम सुसाट चालतील. कितपत खरं? प्रोसेसर जळणार तर नाही?

उत्तर: सहसा जळत नाही. ९० अंशांना टेकला की हा प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. खरा प्रश्न पदरात काय पडतं हा. तो मुळातच ४.४ पर्यंत स्वतः चढतो, म्हणजे ४.६ ही जेमतेम साडेचार टक्के वाढ. त्यातही गेम बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डापाशी अडतात. तिथे एवढाही फरक दिसणार नाही.

किंमत मात्र चांगलीच मोजावी लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. ४.६ टिकवायला व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.०४५, म्हणजे सुमारे २६ टक्के जास्त उष्णता.

आता नागपूरचा हिशोब करा. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना पूर्ण लोडला प्रोसेसर ७२ दाखवत असेल, तर तो खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. हा फरक साधारण तसाच राहतो. मे महिन्यात दुपारी खोली ४० वर गेली की ७२ चे ९० झालेच, तेही काहीही न छेडता. म्हणून हिवाळ्यात जमवलेल्या सेटिंगवर आमचा विश्वास नाही. चाचणी भर उन्हाळ्यातच घ्यावी. कूलर चालू असला तर उत्तम, पण कॅबिनेट त्याच्या झोतात नको. ताट्या जास्त भिजल्या की बारीक तुषार उडतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात.

आधी फुकटातलं घ्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडून वेग बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळताना सर्रास दिसते, कारण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) कोणी सुरूच केलेलं नसतं. रायझनला रॅमचा वेग चांगला मानवतो, मुलाच्या ४.६ पेक्षा याचा फायदा बहुधा जास्तच होईल. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात.

मग व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी करून बघा. बायोस अद्ययावत करून प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या मेनूमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर शोधा; प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज त्याने कमी करता येतं. ऑल कोअर्स, निगेटिव्ह, १० असं ठेवा. काही दिवस नीट चाललं की १५, मग २०. तापमान उतरतं आणि वेग उलट थोडा वाढतो. फसगत होते ती चाचणीत. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच अर्धा तास बिनतक्रार चालतं, आणि रात्री मशीन नुसतंच सुरू असताना रीस्टार्ट होतं. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. म्हणून एकेका कोअरची चाचणी घेणारं कोअरसायकलर रात्रभर चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या की ५ ने मागे या.

एवढं करूनही मुलगा ४.६ वर अडून बसला, तर आधी प्रोसेसरवर सोबतच्या पंख्याऐवजी १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बसवा. व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, काही बोर्ड ते सढळ हाताने ओततात. १.२५ व्होल्टपासून सुरुवात करा आणि १.३ च्या वर जाऊ नका. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

प्रश्न (महाल, नागपूर): ३२०० ची रॅम ३६०० केली. आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. बोर्ड गेला का?

उत्तर: बहुतेक नाही. आधी पाचेक मिनिटं थांबा; बोर्ड स्वतः दोन-चारदा प्रयत्न करून कित्येकदा मूळ वेगावर परततो. नाहीच झालं, तर भिंतीवरचं बटण बंद करून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग बायोसची सेटिंग्ज पुसणाऱ्या, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा, किंवा बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवा. सुरू झाल्यावर बायोसमध्ये तारीख आणि बूटची सेटिंग्ज तपासा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच दुसऱ्या यंत्रावर शोधून ठेवा.

पुन्हा ३६०० चा मोह झाला, तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही फेरे होऊ द्या. एक चूक निघाली तरी सेटिंग नापास. बिघडलेली रॅम दर वेळी मशीन बंद पाडतेच असं नाही. ती गुपचूप फाइली खराब करते आणि बॅकअपमध्येही त्याच खराब फाइली जातात. हिशोबाचं काम त्याच मशीनवर असेल, तर या भानगडीत पडूच नका.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): आय५-१२४००एफ आणि एच६१० बोर्ड आहे. एक दुकानदार दीड हजारात ओव्हरक्लॉक करून देतो म्हणतो. द्यावे का?

उत्तर: नको. हा प्रोसेसर लॉक्ड आहे, म्हणजे त्याचा वेग वाढवण्याची सोय कंपनीनेच बंद ठेवली आहे, आणि या बोर्डाच्या चिपसेटमध्ये ओव्हरक्लॉकिंगची सोयच नाही. एकच रॅम स्टिक असेल, तर त्या पैशांत तशीच दुसरी घ्या.

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर): आय७-१३७००के आहे, कधीच ओव्हरक्लॉक केला नाही. तरी गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येतो. कार्डात १२ जीबी आहे.

उत्तर: संदेश कार्डाचा दिसतो, पण संशय प्रोसेसरवर घ्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून झिजतात, हे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं. त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या), ऑगस्टचा ०एक्स१२९ आणि त्यानंतरचा ०एक्स१२बी, बायोस अपडेटमधून येतात. अपडेट करून बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा. तरीही गेम कोसळला, तर झीज बहुधा झालेली आहे आणि ती अपडेटने भरून येत नाही. प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. बॉक्समधून घेतलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने तीनची पाच वर्षं केली आहे, तेव्हा बिल शोधा.