ओढा कोणाच्या नावावर? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात भूगोलात पीएच.डी. करते. शहराची वाढ आणि पाणी असा विषय डोक्यात आहे. गाइड म्हणतात, जमिनीचं धोरण घ्या नाहीतर पाण्याचं नियोजन घ्या, दोन्ही झेपणार नाही. मला तर दोन्ही एकच वाटतं. सुरुवात कुठून करू?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : गाइड अर्धं बरोबर सांगताहेत. दोन्ही विषय अख्ख्या पुण्यासाठी घेतलेत, तर फेलोशिप संपेल आणि प्रबंध तसाच राहील. पण म्हणून विषयाचे दोन तुकडे करू नका, क्षेत्र लहान करा. महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये 23 आली. त्यातलं एकच गाव निवडा. आंबेगाव बुद्रुक, सूस, पिसोळी, कुठलंही चालेल. फक्त त्यातून ओढा जात असला पाहिजे.

नगररचना खात्यात माझी सगळी नोकरी नकाशांवरच झाली, त्यामुळे सल्लाही नकाशाचाच देणार. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा. ओढा त्यावर दोन नागमोडी रेघांत दिसेल आणि त्या रेघांमधल्या जागेला गट नंबर नसेल. नदी-नाल्यांची पात्रं सरकारच्या मालकीची, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 20 सांगतं. त्यामुळे ती जागा कुणाच्या गटात धरलेली नसते. बारीक ओहोळ मात्र खासगी गटांतून जातात. त्यांच्यासाठी सातबारा बघा. क्षेत्राच्या रकान्यात पोटखराबा असतो, त्याचे अ आणि ब असे दोन वर्ग. अ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. ब म्हणजे रस्ता, कालवा, ओढा अशा सार्वजनिक कामाखालची. हा 'ब' चा आकडा जुन्या सातबाऱ्यावर किती आर होता, बिगरशेती झाल्यावर त्याचं काय झालं आणि कोणत्या फेरफाराने (महसुली नोंदीतल्या बदलाने) झालं, हे गटवार उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रबंधाचं दुसरं प्रकरण यातच उभं राहतं.

मग त्यावर विकास आराखड्याचा नकाशा ठेवा. गावनकाशावरचा वळणावळणाचा ओढा इथे बऱ्याचदा सरळ झालेला दिसेल. बांधकाम परवानगीच्या नकाशात तो आणखी अरुंद होऊन कुंपणाच्या कडेला जातो. जागेवर जाल तेव्हा रस्त्याखाली दोन सिमेंटच्या नळ्या आणि वर पार्किंग. हे चार टप्पे तारखांसकट दाखवलेत की धोरण कुठे ठरलं ते कुणी वेगळं सांगायला नको. जाताना जुलैत जा. मे महिन्यात सगळेच ओढे निरुपद्रवी दिसतात.

आंबिल ओढ्याचं उदाहरण तर तुमच्या दारात आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारे घालून जमिनीखालच्या नळातून शहरात पाणी आणलं. याच ओढ्याचं पात्र वळवून पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं. आज तिथे सारसबाग आहे. म्हणजे पुण्यात ओढा हलवण्याची रीत जुनीच. फरक असा, की पेशव्यांनी ओढा हलवला तो पाणी साठवायला. नंतर ओढे हलले ते चटईक्षेत्र, म्हणजे जास्तीत जास्त बांधकाम, बसवायला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून लोंढा आला, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या आणि शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती किती मिलिमीटर पाऊस पडला याची. पाऊस मोजायलाच हवा, पण भिंत पात्रात कोणत्या परवानगीने उभी राहिली, हा कागद काढणारं संशोधन मला फार कमी दिसतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. या रेषा नद्यांसाठी आखल्या. ओढ्यांच्या वाट्याला त्या क्वचितच येतात. तुमचा प्रश्न इथेच आहे असं मला वाटतं.

पाण्याच्या बाजूने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहिरींची नोंद मागा. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा पातळी घेतली जाते. गाव शहर झालं की तिथली निरीक्षण विहीर बुजते किंवा पडून राहते. आकडा थांबला, तर का थांबला तेही लिहा. आणि एखाद्या जुन्या विहीर खोदणाऱ्याला गाठा. वर मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा मऊसर खडक), खाली काळा पाषाण, असे थर तो हाताच्या अंतरात सांगेल. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी धरतो तो मुरूम, मांजऱ्या आणि भेगा. दोन मजली तळघर खणताना पहिल्यांदा जातो तोही हाच भाग, आणि बांधकाम चालू असेतो पंप लावून ते पाणी गटारात सोडलेलं तुम्ही रोज बघत असाल.

एक विनंती. माणशी 135 लिटरचा मापदंड घेऊन लोकसंख्येने गुणायचं आणि धरणसाठ्यातून वजा करायचं, असलं प्रकरण लिहू नका. असे प्रबंध ग्रंथालयात रग्गड आहेत.

प्रश्न : आमची सोसायटी पिसोळीला. बिल्डरने नळजोड येईल असं तोंडी सांगितलं होतं. आता देखभाल खर्चातला सर्वांत मोठा आकडा टँकरचा आहे. बोअर अजून खोल न्यावी का?
– सोसायटीचे सचिव

उत्तर : आधी कपाट उघडा, बोअरचं नंतर बघू. तुमच्या इमारतीच्या परवानगीच्या फाइलमध्ये पाण्याविषयीचं हमीपत्र असण्याची दाट शक्यता आहे. नळयोजना नसलेल्या भागात परवानगी देताना विकसकाकडून ते घेतात : पाणी मिळेपर्यंत पुरवठा मी स्वखर्चाने करीन. तुमच्याकडे नसेल तर ज्या कार्यालयाने परवानगी दिली तिथे माहिती अधिकारात मागा. गाव महापालिकेत यायच्या आधीची इमारत असेल तर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जात 'पाण्याबाबतची सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक, तारीख, आणि हमीपत्र व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, एवढंच मागा. हमीपत्र हातात आलं की वकिलाकडे जायला काहीतरी असेल.

बोअर खोल नेऊ नका, असं माझं मत. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटर आणि त्याहून खोल जाणाऱ्या विहिरीला खोल विहीर धरलं आहे. म्हणजे साधारण दोनशे फूट. तुमची बोअर बहुधा त्याच्या कधीच खाली गेलेली असणार. कठीण पाषाणात आणखी खाली जाऊन भेग लागलीच तर लागली, आणि लागली तरी शेजारच्या सोसायटीचीच असते. तोच पैसा गच्चीचं पाणी गाळून उथळ थरात मुरवण्यावर घाला. तुमच्या नकाशात पर्जन्यजल संधारणाचा खड्डा दाखवलेला असेलच. तो जागेवर आहे का, की तिथे जनरेटर ठेवलाय?

प्रश्न : खडकवासल्याच्या कालव्यावर आमची शेती. पुण्याची तहान वाढली की आमचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कापलं जातं. शहरातले संशोधक आमच्या बाजूने काही लिहितात का?
– एक शेतकरी, दौंड

उत्तर : लिहितात, पण बहुतेक इंग्रजीत, आणि ते तुमच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कुणी वाचत नाही. म्हणून बैठकीत विचारण्यासारख्या दोन गोष्टी देते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. 2003 च्या राज्य जलनीतीत क्रम होता पिणं, उद्योग, शेती. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याला पहिला मान, यावर तुमचंही दुमत नसेल. पण त्या नावाखाली बाग, जलतरण तलाव आणि गाड्या धुणंही मोजलं जातं. शहराने वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शेतीच्या जुन्या बेबी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं आहे. वर्षाला साडेसहा टीएमसी. तेव्हा पहिलं विचारा : गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती आलं, कोणत्या महिन्यात आलं, आणि त्याची तपासणी कुणी केली?

दुसरं कालव्याचं. उजवा मुठा कालवा भर शहरातून जातो. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ त्याची भिंत फुटून दांडेकर पुलापर्यंतच्या वस्तीत पाणी शिरलं होतं. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा काढून गळती आणि चोरी थांबवायची, अशी योजना आहे. तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण बोगदा झाला की शहराच्या मधोमध कालव्याची लांबच लांब पट्टी मोकळी होते, आणि पुण्यात मोकळ्या जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. गळती थांबून वाचलेलं पाणी तुमच्या आवर्तनात मिळवणार की शहराच्या कोट्यात, आणि त्या जमिनीवर काय येणार, ही दोन्ही उत्तरं एकाच बैठकीत मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाचं काय होतं, ते वर पिसोळीच्या सचिवांनी लिहिलंच आहे.