फाउंडेशन घेताना घाई नको

अरे, पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकतोयस, आणि फाउंडेशन (इंजिन चासीवर ज्यावर बसतं ते माउंट) त्याचे रबर जुनेच ठेवणार? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानदार म्हणेल, ‘कडक रबर घे, टेन्शन नाही.’ त्याचं लगेच ऐकू नकोस.

आधी हिशोब कर. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ धरलं, तर गिअरबॉक्समधून ७०० बाहेर पडतो. माउंटवर उलटा मुरडा तेवढाच येतो. गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनाची सहसा डावी बाजू उचलली जाते, म्हणजे रबर दबत नाही, ताणलं जातं. लोखंडाला चिकटवलेलं रबर तिथेच सुटतं. माझंही एकदा घाटात सुटलं आणि पंखा थेट रेडिएटरवर! म्हणून रबर फाटलं तरी इंजिन उचलू न देणारा लोखंडी लॉक असलेलं माउंट बघ.

रबराऐवजी पॉलियुरेथेन घेणार असशील तर शोर ए (कडकपणाचं माप) ७०च्या आसपास थांब. मी हौसेने ९०चं टाकलं होतं. अंधेरीच्या सिग्नलला आयडलवर आरसा इतका थरथरायचा की मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसायच्या. शेवटी इंजिनाला नरम, गिअरबॉक्सला थोडं कडक असं केलं. रोजच्या गाडीला तेच बरं.

माउंट धरणारे ब्रॅकेट पातळ पत्र्याचे नकोत, आणि वेल्डिंग इंजिन-गिअरबॉक्स जागेवर टांगून, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बघूनच. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थची पट्टी विसरू नकोस. रबरातून करंट जात नाही, मग तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जाळतो.

आणि हो, इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी काढ.