इराणवरचे निर्बंध परत आले तेव्हा रशिया-चीनचा व्हेटो कुठे होता?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इराणवरचे निर्बंध परत लागू झाले, रशिया आणि चीन उघड विरोधात होते, मग त्यांनी व्हेटो (पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोध केला तर ठराव पाडणारा नकाराधिकार) का वापरला नाही? आणि याचा भारताच्या तेलावर काय परिणाम? प्रतिक्रियांमध्ये दोघातिघांनी 'आतून सेटिंग झालं असणार' असं लिहिलंय. सेटिंग वगैरे काही नाही. व्हेटो वापरावा असा ठरावच समोर नव्हता, आणि ही तरतूद दहा वर्षांपूर्वी रशिया-चीनने स्वतः हात वर करून मान्य केली होती.

14 जुलै 2015 ला व्हिएन्नात इराण एका बाजूला आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन, युरोपियन युनियन दुसऱ्या बाजूला, असा अणुकरार झाला. इराणने युरेनियम 3.67 टक्क्यांच्या वर समृद्ध करायचं नाही, साठा 300 किलोच्या आत ठेवायचा, नतान्झच्या अणुकेंद्रात फक्त 5060 जुनी सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं) चालवायची. बदल्यात 2006 पासून लादलेले निर्बंध उठायचे. 20 जुलैला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2231 एकमताने मंजूर करून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

वाटाघाटीत सगळ्यांत अवघड गाठ होती ती 'इराणने शब्द फिरवला तर काय' ही. नेहमीच्या पद्धतीने निर्बंध परत लावायचे तर नवा ठराव आणावा लागणार, आणि तो रशिया किंवा चीन अडवणार. अमेरिकेला हे चालणार नव्हतं. रशिया-चीन व्हेटोचा हक्क सोडायला तयार नव्हते. मग प्रश्नच उलटा करून विचारायचं ठरलं. 2231 मधलं 11 आणि 12 क्रमांकाचं कलम काढून वाचा, खरी मेख तिथे आहे. करारातल्या कुठल्याही देशाने 'इराण गंभीर उल्लंघन करतोय' असं परिषदेला कळवलं की 30 दिवसांची मुदत सुरू होते. त्या मुदतीत मतदान होतं ते 'निर्बंध लावायचे का' यावर नाही, तर 'निर्बंध उठवलेले आहेत ते तसेच ठेवायचे का' यावर. तो ठराव पास झाला नाही तर जुने सहा ठराव आपोआप जिवंत होतात. म्हणजे व्हेटोचा उपयोग फक्त निर्बंध हवे असणाऱ्याला. कुणी असा ठराव मांडलाच नाही तर परिषदेच्या अध्यक्षाने तो मांडायचा, हेसुद्धा लिहून ठेवलंय. पळवाट ठेवलीच नाही. यालाच स्नॅपबॅक म्हणतात.

28 ऑगस्ट 2025 ला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने ती नोटीस दिली. वेळ मुद्दाम साधली होती: 18 ऑक्टोबरला 2231 ची मुदत संपत होती आणि ऑक्टोबरमध्ये परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे जाणार होतं. सप्टेंबरचा अध्यक्ष दक्षिण कोरिया. त्याने नियमाप्रमाणे ठराव मांडला. 19 सप्टेंबरच्या मतदानात बाजूने रशिया, चीन, पाकिस्तान, अल्जीरिया अशी चार मतं, विरोधात नऊ, आणि दोन तटस्थ. गंमत म्हणजे त्या दोन तटस्थांत ठराव मांडणारा कोरियाच होता. पास व्हायला नऊ मतं लागतात, त्यामुळे व्हेटोची गरजसुद्धा पडली नाही. 26 तारखेला रशिया-चीनने सहा महिने मुदतवाढ मागणारा स्वतःचा ठराव आणला, तोही याच आकड्यांनी पडला. 27 ला रात्री न्यूयॉर्कमध्ये मुदत संपली आणि निर्बंध परत आले.

'नोटीस कुणीही देऊ शकतं' असं मात्र नाही. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेने हाच प्रयोग केला होता. करारातून 2018 मध्ये बाहेर पडायचं आणि 2020 मध्ये 'आम्ही अजून भागीदार आहोत' म्हणून नोटीस द्यायची! पंधरापैकी तेरा सदस्यांनी ती मानली नाही, ब्रिटन-फ्रान्ससकट.

माझं मत विचाराल तर तीन युरोपीय देश कायद्याच्या अक्षरात बसत होते, पण त्यांची नैतिक बाजू लंगडी होती. रशिया-चीनचा आक्षेप असा की करारातच तक्रार निवारणाची पायरी-पायरीची पद्धत आहे, ती आधी पूर्ण करायला हवी होती. त्याहून मोठी खोट कराराच्या रचनेतच आहे. इराणने मोडलं तर स्नॅपबॅक. अमेरिकेने मोडलं तर इराणच्या हातात काय? आपणही आपल्या अटी पाळणं थांबवणं, एवढंच. 2019 पासून त्याने तेच केलं. एप्रिल 2021 मध्ये समृद्धीकरण 60 टक्क्यांवर गेलं, आणि जून 2025 च्या इस्रायल-अमेरिकेच्या हल्ल्यांआधी 60 टक्क्यांचा साठा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 440.9 किलो होता. वीज तयार करायला एवढं समृद्ध युरेनियम लागत नाही, त्यामुळे तेहरानचा साळसूदपणाही फार ताणू नये.

आता तेल. इथे बहुतेकांची गल्लत होते. संयुक्त राष्ट्रांनी इराणचं तेल विकत घ्यायला बंदी कधीच घातलेली नव्हती. परत आलेले ठराव आहेत ते समृद्धीकरण, क्षेपणास्त्रं, शस्त्रखरेदी, ठरावीक व्यक्ती आणि कंपन्यांची मालमत्ता गोठवणं, संशयित माल तपासणं यांवर. तेलाची नाडी आवळली ती अमेरिकेच्या स्वतःच्या निर्बंधांनी: इराणशी व्यवहार केलात तर डॉलरच्या व्यवस्थेतून बाहेर. मे 2018 मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज पत्रकार परिषदेत म्हणाल्या होत्या की भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाने एकतर्फी लादलेले नाही. वर्षभरात, मे 2019 मध्ये, इराणी तेल घेण्यासाठी अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि भारताची ही आयात थांबली. तोवर इराण आपल्या सर्वांत मोठ्या तीन पुरवठादारांपैकी एक होता. तत्त्व एकीकडे, बँका आणि जहाजांचा विमा दुसरीकडे. थांबलेली ती आयात सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा काय थांबणार? आपल्याला फरक पडला तर तो जहाजांची तपासणी आणि विम्याचा हप्ता यांतून पडेल.