रोमन रथशर्यतीचा बोर्ड गेम घरी कसा बनवायचा आणि सहा जणांत कसा खेळायचा?

प्रश्न थोडक्यात असा: सहा मित्र जमतात, रोमन रथांच्या शर्यतीचा खेळ हवाय, दुकानात मिळत नाही, घरी बनवता येईल का? फासे टाकून नुसतं पुढे सरकण्याचा कंटाळा येतो, त्याचं काय करायचं?

बनवता येतो, एका दुपारचं काम आहे. फासे मात्र काढून टाका. फाशात जे पडेल तेच चालावं लागतं, निवड उरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला सारखीच पानं द्या. ही युक्ती १९८९ साली राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीने काढलेल्या ‘आवे सीझर’ (म्हणजे ‘सीझरला मुजरा’) या खेळाची. वोल्फगांग रीडेसर यांचा तो खेळ. हातात तीनच पानं, आघाडीवर असलेल्याला सहा वर्ज्य आणि वाटेत सम्राटाला मुजरा, हे तिन्ही नियम तिथलेच. खालचा पट, त्याची मापं आणि बारीकसारीक नियम मात्र घरगुती आहेत.

पानांसाठी तीन साधे पत्त्यांचे जोड घ्या. एका जोडात दोन खेळाडूंची सोय होते: एकाला एक्का ते छक्की ही २४ पानं, दुसऱ्याला सत्ती ते राणी ही २४. दुसऱ्याने प्रत्येक पानातून सहा वजा करायचे, म्हणजे सत्तीचा एक, दश्शीचे चार, गुलामाचे पाच, राणीचे सहा. कोपऱ्यात मार्करने आकडा लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्या फेरीत कुणीतरी सत्ती टाकून सात घरं पळतोच. प्रत्येकाची बेरीज ८४. ही संख्या लक्षात ठेवा, सगळा खेळ तिच्यावर चालतो.

पटासाठी एक मोठी कार्डशीट, कंपास, कोनमापक. मधोमध ३२ × ६ सेंटीमीटरचा पट्टा आखा, हा रिंगणाचा मधला कणा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत चार-चार सेंटीमीटरची आठ घरं. दोन्ही टोकांना कंपासने ३, ६, ९ आणि १२ सेंटीमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं काढा. वळणावर आतल्या पट्टीचे तीन भाग (६० अंशांचे), मधल्या पट्टीचे पाच (३६ अंशांचे), बाहेरच्या पट्टीचे सात (२५.७ अंश, इथे नजरेने भागवा). या मापांत तिन्ही पट्ट्यांतली वळणाची घरं मध्यावर साधारण ४.७ सेंटीमीटरच भरतात, त्यामुळे पट बेढब दिसत नाही.

मुजऱ्याची गल्ली मागच्या सरळ बाजूला, बाहेरून. बाहेरच्या पट्टीतल्या तिसऱ्या घराला लागून एक घर, त्याच्या वरच्या ओळीत तिसऱ्या ते सहाव्या घरावर येतील अशी चार घरं, मग सहाव्या घराला लागून शेवटचं घर. एकूण सहा घरांची कमान. मध्ये जी मोकळी जागा राहते तिथे सम्राटाचा सज्जा. या गल्लीतून गेलं की चार घरं जास्त मोडतात. सगळी घरं मोजा, ८४ आली पाहिजेत. पानांची बेरीजही ८४, पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.

पुढच्या सरळ बाजूला चौथ्या आणि पाचव्या घरांच्या मध्ये जाड रेघ, तीच सुरुवातीची आणि शेवटची. तिच्यामागे तीन-तीनच्या दोन ओळींत रथ उभे करायचे. धाव घड्याळाच्या उलट, म्हणजे सगळी वळणं डावीकडे; रोमच्या सर्कस मॅक्सिमस या शर्यतीच्या मैदानातही तसंच धावत. रथ म्हणून लुडोच्या सोंगट्या चालतील, लाल, हिरवी, निळी, पिवळी. सोबत एक पांढरं बटण आणि एक जांभळा मणी. रोममध्ये लाल, पांढरा, निळा, हिरवा असे चार तट, म्हणजे शर्यतीचे संघ, होते. डोमिशियन सम्राटाने जांभळा आणि सोनेरी असे आणखी दोन काढले, ते टिकले नाहीत. पिवळ्याला सोनेरी म्हणा, सहा झाले.

नियम: पानं पिसून उपडी ठेवायची, वरची तीन हातात. आपल्या पाळीला एक पान उघडं टाकायचं, तितकी घरं पूर्ण चालायची, नवीन पान उचलायचं. सहातली चार चालून थांबणं नाही. मागे जाणं नाही. सरळ रस्त्यावर तिरकं पुढे जाऊन पट्टी बदलता येते, तिरक्या पावलाचंही एकच घर धरायचं. वळणात शिरताना आणि वळणात पट्टी बदलायची नाही. भरलेल्या घरावरून उडी नाही. तिन्हीपैकी एकही पान चालत नसेल तर पास, पान वाया जात नाही. पण एकही चालत असेल तर ते टाकावंच लागतं, मग ते तुम्हाला बाहेरच्या पट्टीत का ढकलेना.

जो सगळ्यांच्या पुढे त्याला सहा टाकता येत नाही. पत्त्यांतून उरलेला एक राजा त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे विसर पडत नाही. वळणात कोण पुढे यावर हमखास भांडण होतं, कारण आतलं दुसरं घर आणि बाहेरचं चौथं घर शेजारी दिसतात. नियम आधीच ठरवा: ज्याच्या पट्टीत वळण संपायला कमी घरं उरली तो पुढे. समान असतील तर कुणीच पुढे नाही, दोघांनाही सहा मोकळा.

फेऱ्या तीन. रोममध्ये सात असत, पण सात खेळायला बसलात तर जेवायची वेळ टळेल. तिथे फेऱ्या मोजायला अंड्यांच्या आणि डॉल्फिनच्या आकृत्या होत्या; तुम्ही प्रत्येकापुढे तीन शेंगदाणे ठेवा, फेरी संपली की एक खायचा. सुरुवातीला पहिल्यांदा रेघ ओलांडली तेव्हा खायचा नाही, ही चूक सगळेच करतात.

मुजरा पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीत. गल्लीत एक पाळी संपली पाहिजे. तिथे थांबून एक रुपया सज्जात टाकायचा आणि ‘आवे सीझर’ म्हणायचं. मुजरा न करता तिसऱ्या फेरीत गेला तो पहिला आला तरी बाद.

आता खरी गंमत, हिशोबाची. आतून गेलात तर एक फेरी २२ घरांची, मधून २६, बाहेरून ३०. पुढच्या ओळीतून सुटलेल्याला आतल्या पट्टीने शेवटची रेघ ओलांडायला ६७ घरं लागतात, मुजऱ्याची चार धरून ७१. मागच्या ओळीतल्याला ७२. तुमच्याकडे आहेत ८४, म्हणजे हातात बारा-तेरा घरांची चैन. बाहेरून घेतलेलं प्रत्येक वळण आतल्यापेक्षा चार घरं जास्त खातं. तीन फेऱ्यांत सहा वळणं येतात. तीन बाहेरून घेतलीत तरी निभतं, चौथं घेतलंत की पानं संपून रथ वाटेतच उभा. त्याला पुढच्या पाळीला उचलून घ्या, नाहीतर मागच्यांची वाट अडते. रोमन लोक मोडलेल्या रथाला जहाजफुटीचा शब्द वापरत, इथे तो चपखल बसतो.

दुसरा हिशोब सहाच्या पानांचा. चार छक्क्या म्हणजे २४. जो सुरुवातीपासून आघाडी धरून बसेल त्याच्याकडे वापरण्याजोगी उरतात ६० घरं, आणि लागतात ७१. म्हणजे किमान दोन छक्क्या मागे असतानाच खर्च झाल्या पाहिजेत. नाहीतर हातात तीन छक्क्या साठतात आणि कुणी पुढे जाईपर्यंत पास म्हणत बसावं लागतं. गंमत म्हणजे खऱ्या शर्यतीत उलटं होतं: डायोक्लीस या सारथ्याच्या १४६२ विजयांपैकी ८१५ सुरुवातीपासून आघाडी राखून मिळवलेले होते, असं त्याच्या शिलालेखात आहे. या पटावर त्याचे घोडे वाटेतच थांबले असते.

एक प्रसंग मांडून बघा. हिरवा आघाडीवर, आतल्या पट्टीत वळणाच्या दुसऱ्या घरात, हातात तीन छक्क्या घेऊन अडकलेला. तुम्ही सरळ रस्त्याच्या सातव्या घरात, आतल्याच पट्टीत. हातात २, ५, ६. मोह दोनाचा होतो, कारण आतली वाट स्वस्त. पण दोन टाकलात की तुम्ही वळणाच्या पहिल्या घरात, नाकासमोर हिरवा, पट्टी बदलता येत नाही. तो हलेपर्यंत कुठलंच पान चालणार नाही. पाच टाकलात तर मधल्या पट्टीने वळणाच्या चौथ्या घरात पोचता. तिथून एक घर बाकी, हिरव्यालाही एकच बाकी, म्हणजे बरोबरी. हिरव्याची छक्की मोकळी झाली आणि तुमची तशीच हातात राहिली. सहा टाका. मधल्या पट्टीतून गेल्याने दोन घरं जास्त मोडतील, तुम्ही पुढे जाल, हिरवा सुटेलही. पण तुमची एक छक्की मार्गी लागली, आणि हिरवा सहा टाकून पुढे पळाला की दुसरीचीही वाट मोकळी होते.

मुजरा पहिल्या फेरीत उरका. सगळे तो दुसऱ्या फेरीवर ढकलतात आणि मग एकेरी गल्लीत रांग लागते. पुढच्याने एक्का टाकून ठाण मांडलं की मागचे सगळे खोळंबतात. तुम्हाला कुणाला अडवायचंच असेल तर एक्के आणि दुर्र्या दुसऱ्या फेरीतल्या गल्लीसाठी जपून ठेवा. अर्थात तुमचाही मुजरा तोवर बाकी ठेवावा लागेल, तेवढी जोखीम आहे.

हा खेळ पाच-सहा जणांतच रंगतो. तिघं-चौघं असाल तर वाट अडतच नाही, मग वळणावरची मधली पट्टी बंद करा: आत तीन घरं नाहीतर बाहेर सात. एका शर्यतीत नशीब फार चालतं, म्हणून चार शर्यती खेळा आणि ६, ४, ३, २, १, ० असे गुण द्या. दर वेळी सुटण्याची जागा बदला. मागच्या वेळी शेवटी आलेल्याने आधी निवडायची.

चाबूक, घोड्यांची दमछाक, चाकाला चाक घासणं हेही हवं असेल तर अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीचा ‘सर्कस मॅक्सिमस’ हा खेळ शोधा. त्यात हे सगळं आहे, तक्तेही आहेत, पण नियमांची वही वाचायला तयार असलेले मित्र आधी लागतील.