गुळाच्या चहात दूध फाटलं की आधी गुळाचा रंग बघा

प्रश्न असा आहे: "मी मुद्दाम पिवळाधमक, स्वच्छ गूळ आणते, तरी चहात दूध फाटतं. काळपट गूळ घाण असतो म्हणून घेत नाही. काय चुकतंय? आणि सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना साखरेऐवजी गुळाचा चहा दिला तर चालेल का?"

शेवटचं आधी सांगते. नाही चालणार. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने साखर आणि गूळ यांत फारसा फरक नाही. आपल्याकडच्या कायद्यानेच गुळात एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि त्यातही ऊससाखर किमान ६० टक्के असावी लागते. उरलेल्यात लोह आणि खनिजं असतात, पण कपातल्या दोन चमच्यांनी ती पोटात कितीशी जाणार? 

"पिवळाधमक, स्वच्छ" हे दोन शब्द जोडीने वाचले आणि लिहायला बसले. आमचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात. वडील आणि थोरले चुलते मिळून चालवायचे. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या स्वतः गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसाच्या फेसावरून सांगायचे, आदण (एका वेळी उकळायला घेतलेला रस) कधी उतरायचं ते. चटका बसेल असा पाक बोटावर घेऊन गार पाण्यात सोडायचे, गोळी वळली की हाक द्यायचे. तापमापी लावली तर त्या क्षणी ११८ अंशांच्या आसपास भरते, हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्यांना ते हाताला कळायचं.

अन्नतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पाला मी गूळ हाच विषय घेतला. पाच-सहा गुऱ्हाळांचे नमुने आणले, त्यात अभिमानाने घरचाही एक ठेवला. गंधकाची तपासणी अशी असते: गूळ पाण्यात विरघळवून आम्ल घालून उकळायचा, नायट्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर सुटणारा वायू पुढच्या भांड्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये न्यायचा. त्या भांड्यात मिथिल रेड या रंगसूचकाचे थेंब घालून द्रावण आधी पिवळं करून ठेवलेलं असतं. गंधक डायऑक्साइड आला की त्याचं गंधकाम्ल होतं आणि पिवळ्याचं गुलाबी होतं. घरचा नमुना लावला आणि काही मिनिटांत भांडं गुलाबी झालं. मी तो तीनदा लावला. तिन्ही वेळा किलोला ७० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेच्या वर. त्या ओळीत सगळ्यात सुंदर पिवळा रवा, म्हणजे गुळाची ढेप, आमचाच होता.

हा गंधक आणि हा पिवळेपणा ज्यातून येतो त्याचं नाव हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडगिरणीत रंग उडवायला वापरतात ती पावडर. रस उकळताना मूठभर टाकली की तपकिरी झाक जाते. तो रंग मुळात उसातल्या फिनॉल संयुगांमुळे आणि उष्णतेत शर्करा व अमिनो आम्लं एकमेकांना भिडल्यामुळे येतो, त्यात मळ काही नसतो. हायड्रोस तो फक्त दडवतो. चार महिन्यांनी, पावसाळी हवेत, तोच पिवळा रवा काळपट पडतो आणि पाझरायला लागतो. दम्याच्या माणसाला गंधकाचा त्रास होऊ शकतो, ते वेगळंच.

आता तुमचा चहा. दुधाचा सामू (pH; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६.६ ते ६.७ असतो. थंड दूध फुटायला तो बराच खाली जावा लागतो, उकळत्या दुधाला तेवढी वाट बघावी लागत नाही. ताज्या उसाच्या रसाचा सामू साधारण सव्वापाच. गुळव्याने चुन्याची निवळी बेताने घातली तर तो सहाच्या वर येतो आणि असा गूळ दुधाला सोसतो. चुना कमी पडला, ऊस तोडून दोन दिवस पडलेला असला, किंवा हायड्रोस घातला (तो पाण्यात मोडताना आम्लच तयार होतं), की गूळ आंबटपणाकडे झुकतो. मग दूध फाटतं.

अहवाल घेऊन मी शनिवारी घरी गेले. तात्या चुलवाणाजवळ चिपाड सारत होते. कागद बघितला नाही. म्हणाले, "पोरी, तुझा कागद अडत्याला दाखव. तो रवा फोडून रंग बघतो, कागद बघत नाही." पुढच्या हंगामात वडिलांनी माझ्या शब्दावर हायड्रोसशिवाय गूळ केला. सोनेरी-तपकिरी, खमंग, तोंडात विरघळणारा. सौद्यात त्याला 'काळा माल' म्हणून क्विंटलमागे इतका कमी दर लागला की वडील त्या रात्री जेवले नाहीत. तात्यांनी टोमणा मारला नाही. दुसऱ्या आदणाला हायड्रोसचं पाकीट फोडलं.

तात्यांचं बाजाराबद्दलचं म्हणणं खरं होतं, हे मी आज मान्य करते. ते चुकले ते "पावडरीशिवाय रंगच येत नाही" या एका वाक्यात. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं हेच सांगतात: तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत चरकावर घ्या, युरियाचा शेवटचा हप्ता उशिरा देऊ नका, खारवट जमिनीतला ऊस गुळाला नको, भेंडीच्या पाण्याने मळी (उकळत्या रसातला मळ) पुरती वर आणा आणि ती काढायचा कंटाळा करू नका. आमच्याकडे यातलं निम्मंही होत नव्हतं. मळी घाईत काढायची आणि कसर पावडरीने भरायची, असं चाललं होतं.

तेव्हा पिवळाधमक गूळ घेणं सोडा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून पिवळा रंग ही शुद्धतेची खूण ठरत नाही. चहा उतरवून मिनिटभर थांबा, मग गूळ घाला. एवढ्यानेही निम्म्या वेळा काम होतं. गुळावर आम्ल टाकून बुडबुडे दाखवणारे व्हिडिओ बघून फसू नका. ते बुडबुडे धुण्याचा सोडा किंवा खडूची भुकटी असल्याचं दाखवतात, हायड्रोसचं काहीच सांगत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. काळा गूळ म्हणजे चांगला गूळ, असंही नाही. पाक करपला तरी काळा होतो, मळी राहिली तरी काळा होतो, आणि साखर मिसळलेला गूळ तर कुठल्याही रंगाचा मिळतो. माझे नमुने एकाच हंगामातले आणि मोजके होते, त्यावरून सगळ्या गुऱ्हाळांना दोष देऊ नका. शक्यतो करणाऱ्याकडूनच घ्या आणि आदण चालू असताना एकदा उभं राहून बघा.

आणि हे माझा चुलतभाऊ वाचत असेल, तर त्याच्यासाठी: गुऱ्हाळ परत सुरू करतोयस असं कळलं. सामू मोजायच्या पट्ट्या मी पाठवते. चुन्याची निवळी घातल्यावर रस सहा ते साडेसहाच्या मध्ये आहे का बघ आणि मगच जाळ वाढव. पहिल्या आदणाचे दोन रवे बाजूला ठेव. एक मला तपासायला, दुसरा तात्यांना चहाला.