विमा आहे, पण कितीचा?

प्रश्न : माझं छोटं शिवणकामाचं युनिट आहे. पाच वर्षांपूर्वी आगीचा विमा काढला, तोच दरवर्षी रिन्यू करते. एवढं पुरे ना?

उत्तर : ताई, हप्ता चुकवला नाहीत हे उत्तम, पण रक्कम तीच ठेवलीत? मधे मशिनं वाढली असतील. समजा, माल 100चा आणि विमा 60चा. आगीत 40चं नुकसान झालं, तर हाती 24च येतात; विमा मालाच्या 60 टक्केच, म्हणून भरपाईही नुकसानीच्या 60 टक्केच. पुष्कळ पॉलिसींत हे कलम असतं, अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात त्याला. माझ्या छापखान्यात पाणी शिरलं तेव्हा मला हा शब्द पहिल्यांदा कळला! त्यात बिलं सगळ्यात खालच्या खणात. त्यांचा लगदा झाला. कागदच उरला नाही, तर यंत्राचं वय तरी कशावरून सांगणार?

काम बंद असताना भाडं, पगार चालूच राहतात. साधा आगीचा विमा ते देत नाही. त्याला व्यवसाय खंडित झाल्याचं वेगळं कव्हर लागतं. पुराचं काय, तेही पॉलिसीत बघा.

आणि आज मशिनं बंद केल्यावर प्रत्येक मशिनचा नंबर दिसेल असा फोटो काढा, बिलांसकट बहिणीला पाठवून ठेवा.